कबरीतल्या ओंडक्यांवरून नेमकं वर्ष कसं काढतात?

पायवाट

नमस्कार मंडळी. सध्या रेशीममार्गाच्या छिंगहाई शाखेबद्दल वाचतोय. चीनच्या छिंगहाई प्रांतात दुलानजवळ रशुई नावाची जागा आहे. तिथे तुयुहुन (या भागातलं एक जुनं राज्य) आणि तिबेटी साम्राज्याच्या काळातल्या कबरींचा मोठा समूह आहे. २०१८ मध्ये त्यातल्या एका भव्य कबरीचं उत्खनन सुरू झालं. आत चांदीचा एक शिक्का मिळाला, त्यावर उंटाची आकृती आणि तिबेटी अक्षरं. तो अझा, म्हणजे तुयुहुन, राजाचा असल्याचं वाचून ठरवलं गेलं. इथपर्यंत समजलं. पण पुढे लिहिलंय की कबर इ.स. ७४४ च्या सुमाराची आहे आणि हे कबरीतल्या लाकडाच्या वलयांवरून ठरवलंय.

इथे मी अडलोय. वलयं मोजली की झाडाचं वय कळतं, हे शाळेत शिकलो. पण बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी तोडलेल्या ओंडक्यात दोनशे वलयं मोजली, तर ते झाड दोनशे वर्षं जगलं एवढंच कळेल ना? ती दोनशे वर्षं कुठली, हे कोण सांगणार? समजा तेही कळलं, तरी लाकूड ज्या वर्षी तोडलं त्याच वर्षी माणूस पुरला हे कशावरून? आणि कार्बन-१४ ची, म्हणजे अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची, पद्धत हाताशी असताना वलयांच्या मागे लागायचं कारण काय?

कुणी यात काम केलं असेल तर सविस्तर लिहा. घाई नाही.

---

देवदारी

पायवाट, मी लाकडाची सूक्ष्मरचना शिकवते आणि जुन्या लाकडाचे नमुने तपासते, त्यामुळे हा माझ्या अगदी जवळचा विषय आहे. लांबेल, पण लिहिते.

तुमची पहिली शंका बरोबर आहे. वलयं मोजून झाड किती जगलं ते कळतं. कधी जगलं ते जुळवल्यावर कळतं, आणि सगळी मेहनत त्या जुळवणीत आहे.

तुमच्याच छिंगहाईपासून सुरुवात करू. तिथले डोंगर उंच, थंड आणि कमालीचे कोरडे. त्या उतारांवर छिल्येन जुनिपर नावाचं झाड वाढतं, हजार-हजार वर्षं जगतं. त्याची वाढ मुख्यतः उन्हाळ्याच्या सुरुवातीला किती ओलावा मिळाला यावर ठरते. ओलावा मिळाला तर वलय रुंद, नाही मिळाला तर केसाएवढं. दुष्काळ एकट्या झाडाला पडत नाही, अख्ख्या डोंगराला पडतो. म्हणून एकाच काळात वाढलेल्या सगळ्या झाडांमध्ये रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखा असतो. पाच-दहा वलयांचा क्रम कुठेही सापडेल, पण शंभर-दीडशे वर्षांचा क्रम पुन्हा तसाच येत नाही.

आता जिवंत झाड घ्या. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीसारखी बारीक सळी काढतात, झाड मरत नाही. सालीखालचं वलय कोणत्या वर्षाचं ते माहीत असतं, तिथून आत एकेक वर्ष मागे जायचं. मग त्याच डोंगरावर वाळून उभं राहिलेलं झाड घ्यायचं. त्याची बाहेरची वलयं जिवंत झाडाच्या आतल्या वलयांशी जुळली की साखळी आणखी मागे गेली. त्यामागे कबरीतले ओंडके. फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे कडेला कड लावून बसवावेत तसं हे काम आहे. छिंगहाईत अशी साखळी साडेतीन हजार वर्षांहून मागे नेली आहे, आणि त्यातल्या जुन्या कड्या खुद्द कबरींतल्या लाकडांच्याच आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं. कबरींनी नुसतं स्वतःचं वर्ष सांगितलं नाही, तर त्या पठारावर कोणत्या शतकात किती पाऊस झाला याची नोंदही हवामानाच्या अभ्यासकांच्या हाती दिली.

प्रत्यक्ष काम मात्र चिवट आहे. कोरडा नमुना आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक पॉलिशपेपरने घासत न्यायचा, भिंगाखाली एकेक पेशी दिसेपर्यंत. पाण्यात राहून मऊ झालेल्या लाकडाला पॉलिशपेपर चालतच नाही. ते ओलंच ठेवून धारदार पात्याने पातळ काप घ्यावे लागतात. मग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणी. खरी फसगत मोजणीत नसते, झाडात असते. कडक दुष्काळात जुनिपर खोडाच्या एका बाजूला वलय बनवतच नाही. कधी हंगामाच्या मध्येच वाढ थांबून पुन्हा सुरू होते आणि एका वर्षात दोन वलयं असल्यासारखं दिसतं. म्हणून एका ओंडक्यावर, एका रेषेवर कधीही विसंबायचं नाही. चार बाजूंनी मोजायचं, दहा ओंडके ताडून बघायचे. एखादं वलय हरवलं असेल तर त्याच्यापुढची सगळी वर्षं एकने सरकतात, आणि शेजारच्या ओंडक्याशी ताडताना ते लगेच उघडं पडतं.

आता दुसरी शंका, तोडल्याचं वर्ष आणि पुरल्याचं वर्ष. इथे सगळा भार सालीवर आहे. ओंडक्यावर साल असेल, निदान सालीखालची गोल नैसर्गिक कड शिल्लक असेल, तर शेवटचं वलय म्हणजे झाड तोडल्याचं वर्ष. सुताराने बाहेरचा भाग तासून टाकला असेल, तर शेवटचं उरलेलं वलय एवढंच सांगतं की झाड त्या वर्षानंतर केव्हातरी तोडलं. ते ‘केव्हातरी’ दोन वर्षांचं असेल किंवा ऐंशी वर्षांचं. ओकमध्ये थोडा आधार मिळतो. आतलं गडद लाकूड आणि बाहेरचं फिकट रसकाष्ठ वेगळं ओळखू येतं, आणि रसकाष्ठात साधारण किती वलयं असतात याची प्रदेशवार मोजदाद झालेली आहे. त्यामुळे रसकाष्ठाचा थोडा भाग जरी उरला असेल तरी अंदाज आटोक्यात राहतो. कुठल्याही कबरीचं वलयांवरून काढलेलं वर्ष वाचलं की मी आधी हेच शोधते: साल होती का?

कबरी या कामाला इतक्या चांगल्या का, तेही सांगते. घराचं छप्पर दुरुस्त होतं, वासे बदलले जातात. कबर एकदाच बांधतात आणि बंद करतात. माणूस गेल्यावर झाडं तोडायची, कक्ष उभारायचा, वर माती लोटायची. ओलं लाकूड कापायला सोपं, म्हणून ते वर्षानुवर्षं वाळवत ठेवण्याची गरजही नसे.

याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण तुर्कस्तानातलं गॉर्डियन. फ्रिजियन लोकांची ही राजधानी. तिथे आजही ५३ मीटर उंच असलेला मातीचा प्रचंड ढिगारा आहे, ‘मिडासचं टेकाड’ म्हणून ओळखला जाणारा. १९५७ मध्ये रॉडनी यंग यांच्या पथकाने आधी वरून छिद्रं पाडून आतल्या कक्षाची जागा हुडकली आणि मग बाजूने बोगदा खणून ते आत गेले. आत पाइनच्या फळ्यांची खोली, तिच्याभोवती जुनिपरच्या अखंड ओंडक्यांचं कवच, दार कुठेही नाही. साठीच्या घरातल्या पुरुषाचा सांगाडा, कोरीव जडावाचं लाकडी सामान, काशाची भांडी आणि मयताच्या भोजनाचे अवशेष. हा फ्रिजियाचा राजा मिडासच, असं पुष्कळांनी धरलं होतं.

मग जुनिपरच्या ओंडक्यांची वलयं बोलली. बाहेरच्या कवचातल्या काही ओंडक्यांची शेवटची वलयं शाबूत होती. पीटर कुनिहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, लाकडांची साखळी बांधली होती. तिच्यावरून आधी इ.स.पू. ७१८ हे वर्ष निघालं, आणि २००१ मध्ये नव्या मोजमापांनी ते इ.स.पू. ७४० वर गेलं, चार वर्षं मागे किंवा सात वर्षं पुढे धरून. आता बघा. असिरियाच्या दुसऱ्या सारगोनच्या नोंदींत ‘मुश्कीचा मिता’ येतो. तोच मिडास असं मानतात, आणि तो इ.स.पू. ७१७ ते ७०९ या काळात हयात आणि सत्तेवर आहे. म्हणजे इ.स.पू. ७४० च्या आसपास बंद झालेल्या कक्षातला माणूस तो असूच शकत नाही. बहुधा त्याचा बाप, आणि हे टेकाड मिडासने गादीवर येताना बांधलेलं असावं. कबरीत एकही नाव कोरलेलं नव्हतं. ओंडक्यांनी मुलाच्या जागी बापाला आणलं.

कार्बनचं पुढच्या प्रतिसादात लिहिते.

---

तर्कट

देवदारीताई, छान लिहिलंत. पण दोन गोष्टी मला पटवून घ्यायच्या आहेत.

एक म्हणजे जुनं लाकूड पुन्हा वापरण्याचा प्रकार. कोरड्या प्रदेशात चांगला ओंडका कुणी फेकून देत नाही. जुन्या इमारतीचा किंवा जुन्या कबरीचा ओंडका नव्या कबरीत घातला असेल, साल अगदी शाबूत असेल, तरी वर्ष चुकणार. दुसरं, साखळीत कुठेतरी योगायोगाने चुकीच्या जागी जुळणी झाली तर? त्याच्या मागची सगळी वर्षं चुकतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

आणि गॉर्डियनचं वर्ष ७१८ वरून ७४० वर सरकलं, हे तुम्हीच लिहिलंय. वलयांचं वर्ष अचूक असतं तर ते सरकलं कसं?

---

देवदारी

तर्कट, तिन्ही प्रश्न रास्त आहेत. शेवटचा आधी घेते, कारण त्यात कार्बनचं उत्तरही येतं.

गॉर्डियनची साखळी आजच्या जिवंत झाडापर्यंत पोचलेली नाही, मध्ये खंड आहे. अशा साखळीला तरंगती म्हणतात. तिच्या आतली वर्षांची अंतरं पक्की असतात, पण सगळी साखळी काळात नेमकी कुठे बसवायची ते बाहेरून ठरवावं लागतं. तिथे कार्बन लागतो. एकाच ओंडक्यातली, एकमेकांपासून किती वर्षांवर आहेत हे माहीत असलेली अनेक वलयं घ्यायची, प्रत्येकाचा कार्बन मोजायचा, आणि त्या चढउतारांचा आकार कार्बनच्या प्रमाणित आलेखावर (कोणत्या वर्षी हवेत किती कार्बन-१४ होता हे दाखवणाऱ्या) सरकवत कुठे नेमका बसतो ते बघायचं. मोजमापं सुधारली, आलेख सुधारला, जागा २२ वर्षांनी सरकली. वलयांची मोजणी तीच राहिली. छिंगहाईची साखळी मात्र जिवंत झाडांना जोडलेली आहे, म्हणून तिला असं सरकवावं लागत नाही.

पायवाट, तुम्ही विचारलंत की नुसता कार्बन का नको. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण स्थिर नसतं. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात प्रमाणित आलेख जवळजवळ सपाट आहे. त्यात पडलेला एखादा सुटा नमुना इ.स.पू. ७५० चा की ४५० चा, हे कार्बनवरून धड सांगता येत नाही. नेमकी त्याच काळातली जर्मनीतली माग्डालेनेनबेर्ग ही प्रचंड दफनटेकडी घ्या, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला. मधल्या ओकच्या कक्षाची झाडं इ.स.पू. ६१६ मध्ये तोडलेली. डॅन्यूबकाठच्या होइनेबुर्ग या त्याच काळातल्या तटबंदीच्या वस्तीजवळ बेटेलब्युल इथे एका श्रीमंत स्त्रीची कबर मिळाली. २०१० मध्ये तो अख्खा कक्ष मातीच्या ठोकळ्यासकट उचलून आणला गेला. तिचं लाकूड इ.स.पू. ५८३ चं. दोन कबरींत ३३ वर्षांचं अंतर, जेमतेम एका पिढीचं. कार्बनच्या सपाट पट्ट्यात हे अंतर दिसलंही नसतं.

आता पुनर्वापर. तर्कट म्हणतात तो धोका खरा आहे, आणि त्याचं उत्तर एकच, भरपूर ओंडके. कक्षाच्या वीस ओंडक्यांपैकी अठरा एकाच वर्षाच्या आगेमागे तोडलेले आणि दोन साठ वर्षं जुने, तर कोणते दुसरीकडून आणले ते उघड आहे. जुन्या ओंडक्यावर बहुतेकदा आधीच्या सांध्यांच्या खाचा, खुंट्यांची भोकं असतात, ज्यांचा नव्या जागी काहीच उपयोग नसतो. ते डोळ्यांनी दिसतं.

एकाच कबरीत वेगवेगळ्या वर्षांचं लाकूड असणं स्वाभाविकही असतं. नॉर्वेतलं ओसेबेर्गचं जहाज बघा. १९०४ मध्ये खणलं, दोन स्त्रिया त्यात पुरलेल्या. जहाज इ.स. ८२० च्या सुमारास बांधलेलं, पण जहाजावर उभारलेल्या दफनकक्षाचं लाकूड ८३४ चं. नुसतं जहाज तपासलं असतं तर दफन चौदा वर्षं आधी धरलं गेलं असतं. म्हणून नमुना कशाचा घेतला हे कळल्याशिवाय मी वर्षावर विश्वास ठेवत नाही.

ओसेबेर्गची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही कबर जुन्या काळीच फोडली गेली होती, आणि फोडणाऱ्यांची लाकडी फावडी आत तशीच पडून होती. २०१२ मध्ये त्या फावड्यांच्या वलयांवरून निघालं की कबर इ.स. ९५३ ते ९७५ च्या दरम्यान फोडली. नॉर्वेतलीच गोकस्टाडची जहाजकबरही त्याच काळातली शिकार. तोपर्यंत या दोन लुटी म्हणजे कुठल्यातरी सोनं शोधणाऱ्यांचं काम असावं, असंही बोललं जायचं. पण तो काळ डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथने नॉर्वेवर हक्क सांगण्याचा. जुन्या राजघराण्याच्या पूर्वजांची टेकाडं दिवसाढवळ्या, सगळ्यांना दिसेल अशी खणून काढणं ही सत्ता दाखवण्याची कृती असावी, असं संशोधकांनी मांडलं. मला ते पटतं. एवढं मोठं भगदाड चोरूनमारून पाडता येत नाही.

योगायोगाच्या जुळणीबद्दल: शंभरावर वलयं असलेले अनेक ओंडके स्वतंत्रपणे एकाच जागी बसतात, तेव्हाच वर्ष जाहीर करतात. तीस-चाळीस वलयांचा एकटा तुकडा असेल तर मी उत्तरच देत नाही. शिवाय २०१२ पासून एक स्वतंत्र पुरावा हाती आलाय. फुसा मियाके यांनी जपानी सीडरच्या वलयांत दाखवलं की इ.स. ७७४-७७५ मध्ये कार्बन-१४ एकदम उसळला, आणि ही उसळी जगभरच्या झाडांत त्याच वलयात आहे. अशीच दुसरी ९९३-९९४ ची. साखळीतल्या ज्या वलयावर ७७५ लिहिलंय त्यात उसळी नसेल, तर साखळी चुकलीय. इतकं सोपं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या वायकिंग वस्तीचं लाकूड असंच तपासलं. तीन वेगळ्या झाडांचे तुकडे, तिन्हींत ९९३ ची उसळी, तिथून सालीपर्यंत मोजलं तर तिन्ही झाडं १०२१ मध्ये तोडलेली. रशुईच्या ७४४ च्या ओंडक्यात ७७५ चं वलय असणार नाही हे उघड आहे, पण ज्या साखळीवर तो बसवलाय तिची परीक्षा याने घेता येते.

---

गवताळ

तरंगत्या साखळीचा विषय निघालाच आहे तर सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकबद्दल लिहितो, कारण तिथे वर्ष न कळताही पुष्कळ कळलं.

पाझिरिकची पाच मोठी दगडी टेकाडं, आतले कक्ष लार्चच्या ओंडक्यांचे. आत शिरलेलं पाणी गोठून राहिल्यामुळे लाकूड, नमदे, घोडे, गोंदलेली कातडीसुद्धा टिकली. पहिलं टेकाड १९२९ मध्ये उघडलं, बाकीची पुरातत्त्वज्ञ रुदेन्को यांनी १९४७ ते १९४९ मध्ये. नुसत्या वस्तूंच्या शैलीवरून कबरींचा क्रम लावायचा म्हटलं तर प्रत्येकाचं मत वेगळं. मग पाचही टेकाडांतले ओंडके एकमेकांशी ताडून पाहिले. पहिलं आणि दुसरं जवळजवळ एकाच वेळचं, तो प्रसिद्ध गालिचा ज्यात मिळाला ते पाचवं सगळ्यांत शेवटचं, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी मिळून पन्नासेक वर्षं! म्हणजे ज्या मुलाने पहिलं टेकाड रचलेलं पाहिलं, तो म्हातारपणी पाचव्याच्या वेळी हजर असू शकतो.

रुदेन्को यांनी ही टेकाडं इ.स.पू. पाचव्या शतकात ठेवली होती, आता ती चौथ्या-तिसऱ्या शतकात धरतात. ती जागा कितीही सरकली, तरी मधली पन्नास वर्षं बदलत नाहीत. माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची आहेत.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसेबेर्गची फावडी वाचून थक्क झालो. गवताळ, पन्नास वर्षांचा मुद्दा फार आवडला. मी ७४४ या आकड्यालाच चिकटून बसलो होतो.

एक शेवटचं विचारतो. काही ठिकाणी ‘हिवाळ्यात तोडलेलं लाकूड’ असंही वाचलंय. वलयावरून ऋतूपण कळतो?

---

देवदारी

कळतो, साल असेल तर. वलयाचे दोन भाग असतात. हंगामाच्या सुरुवातीला झाड मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी बनवतं, शेवटी लहान आणि जाड भिंतींच्या. सालीखालच्या शेवटच्या वलयात गडद भाग पूर्ण झालेला असेल तर वाढ थांबल्यावर, म्हणजे पुढच्या वसंताच्या आत झाड तोडलं. नुसत्या मोठ्या पेशींवरच वलय संपलं असेल तर ऐन वाढीच्या दिवसांत. डेन्मार्कमध्ये येलिंग इथल्या उत्तरेकडच्या टेकाडातल्या कक्षाचं वर्ष म्हणूनच ९५८-५९ असं जोडून देतात, कारण तो हिवाळा दोन वर्षांत पसरलेला आहे. तो कक्ष हॅराल्डचा बाप गोर्म याचा मानतात.

डेन्मार्कमधलीच एग्टवेडची मुलगी ओकच्या पोकळ केलेल्या ओंडक्यात पुरलेली होती, इ.स.पू. १३७० मध्ये. तिच्या पेटीच्या कडेवर यारो या उन्हाळी रानफुलाचं फूल मिळालं, त्यावरूनही दफन उन्हाळ्यातलं हे सांगता येतं.

तुमच्याकडच्या रशुईच्या लेखात किती ओंडके तपासले आणि त्यांपैकी किती ओंडक्यांना साल होती हे दिलं असेल, तर इथे लिहा. शिवाय ते ओंडके मुख्य कक्षाचे, बाजूच्या कक्षांचे की छताचे, तेही. त्यावरून ७४४ च्या पुढेमागे किती वर्षांची मोकळीक धरायची ते ठरवू.